पाण्याले विचार

बाबा,

तुमची नात यंदापासून रोज शाळेत जायला लागली आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच तुम्ही गेलात. तिनेही तुम्हाला बैठकीतल्या फोटोतच पाहिलंय, त्यात तुमच्या मिशा जरा जास्तच काळ्या करून ठेवल्यात फोटोवाल्याने. तरी ही बातमी आधी तुम्हाला सांगावी असं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितली की तो म्हणतो, "मग चांगलंच झालं नं." चांगलंच झालं असेल. पण इकडे अमरावतीत माझ्या घरात सकाळी साडेसातनंतर जी शांतता पसरते, तिचं काय करायचं ते कुणी सांगत नाही, आणि मला विचारायला तोंड नाही.

तुम्ही आठवता ते जीपमध्ये. अकोल्याच्या त्या सरकारी ऑफिसची हिरवी जीप, मागच्या बाजूला लाकडी खोकं, खोक्यात काचेच्या बाटल्या आणि वाटभर त्यांचा किणकिणाट. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, जिथे विहिरींना खारंच पाणी लागतं त्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत जायचं, विहिरींतलं पाणी काढायचं, बाटलीत भरायचं, गळ्याला गावाच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि तपासायला ऑफिसात आणायचं, ही तुमची नोकरी. मी चौथीत असताना तुम्ही मला सोबत न्यायला लागलात. शाळा बुडायची. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं तेव्हा मी तुमच्या बोटाला धरून उभी होते. "पोरगी हुशार आहे, पण वर्गात दिसत नाही," ते म्हणाले. तुम्ही टोपी काढून टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "मास्तर, चार दिवस तुमी शिकवा, दोन दिवस मी शिकवतो. नापास झाली तं माहा कान धरा." हेडमास्तर हसले. त्या काळी असं हसून भागत असे. आता आम्ही अशाच गोष्टीसाठी किती अर्ज केले आणि किती दारांत उभे राहिलो, ते सांगत बसत नाही.

तर मी जीपमध्ये बसलेय. उन्हाने सीट तापलीय, म्हणून खाली तुमचा पंचा अंथरलाय. दर्यापूरच्या बाजूला जमिनीवर पांढरी खपली धरलेली दिसते आणि तुम्ही जीप थांबवून मला ती बोटाने उचलायला लावता, जिभेवर ठेवायला लावता. विहिरीवर बाया धुणं धूत असतात. एक म्हणते, "साहेब, दरसाली पानी नेता, गोड कवा करून आनता?" तुम्ही खाली मान घालून बाटलीला चिठ्ठी बांधता. एकदा सुट्टीत तुम्ही आम्हाला मुद्दाम कौंडण्यपूरला नेलंत. आईला वाटलं देवदर्शन, आणि तुम्ही मला घेऊन थेट वर्धेच्या पात्रात उतरलात, ओंजळभर पाणी प्यायला लावलंत. "खारं समजाले आधी गोड मालूम पाह्यजे," म्हणालात. आई देवळाच्या पायऱ्यांवर वाट बघत बसली होती, ती परतीच्या एसटीत तुमच्याशी बोलली नाही.

घरीही शाळा चालूच. रविवारी स्वयंपाकघरात तुम्ही दोन पातेल्यांत तुरीची डाळ चढवायचात, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात कुठल्यातरी गावचं उरलेलं. नळाची डाळ मऊ व्हायची, दुसरी तासभर उकळूनही दाताखाली टणकच. आई म्हणायची, "तुमच्या शिक्षणापायी माह्या डायीचा सत्यानास." मग तुम्ही ती न शिजलेली डाळ स्वतःच्या ताटात घ्यायचात आणि कुरकुर न करता जेवायचात. त्या गावांत अशीच खातात, हे मला कळावं म्हणून असेल. मला तेव्हा एवढंच कळलं की बाबांना कडक डाळ आवडते.

आणि मग तो खेळ. बाटल्या उरल्या की तुम्ही समोर पाट मांडून बसायचात, चिठ्ठी मुठीत झाकून वाटीत घोटभर पाणी ओतायचात, आधी स्वतः चाखायचात आणि वाटी माझ्याकडे सरकवायचात. "सांग, कोन्या गावचं?" म्हणत एकेक गावाचं नाव घ्यायचात. मी सांगायचे. सुरुवातीला चुकायचे, पुढे बरोबर यायला लागलं. एका रविवारी मी सगळीच गावं बरोबर सांगितली. आई कौतुकाने चुलीपासून उठून आली. तुम्ही मात्र वाटी खाली ठेवलीत आणि माझ्याकडे बघत राहिलात. "पाण्याले विचार," म्हणालात, "मले नको विचारू." आणि पाटासकट फिरून भिंतीकडे तोंड करून बसलात. चुकले असते आणि रागावला असतात तर समजलं असतं. सगळं बरोबर सांगितल्यावर पाठ फिरवणारा बाप मला त्या दिवशी दुष्ट वाटला. मी ताट न घेता झोपून गेले. त्यानंतर दर रविवारी तुम्ही तसेच पाठमोरे बसायचात आणि माझी उत्तरं चुकायला लागली. बाबा रागावलेत म्हणून चुकतंय, असं मी धरून चालले. पुढे बऱ्याच दिवसांनी पुन्हा जमायला लागलं, पण मन काही स्वच्छ झालं नाही. ते मी तुम्हाला कधी विचारलंही नाही.

आता माझ्या पोरीचं. ती पहिलीत जाणार आणि शाळा बंद पडल्या, त्या आजाराच्या दिवसांत. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते, ते घरून चालू होतं, त्यामुळे तिला जवळ घेऊन बसायला वेळ मिळाला. तुम्हाला खरं सांगते, ते दिवस जगासाठी वाईट होते आणि माझ्यासाठी सोन्याचे होते. ती वाचायला माझ्या मांडीवर शिकली. शाळा उघडल्या तेव्हा ती सकाळी सकाळी ओकायला लागली. बसचा हॉर्न ऐकला की रंग उडायचा. मग मी नोकरी सोडली, शाळेत जाऊन मुख्याध्यापिका बाईंसमोर बसले आणि तुमचंच वाक्य म्हटलं: काही दिवस तुम्ही शिकवा, काही दिवस मी शिकवते. त्या भल्या होत्या. अर्ज, खेपा सगळं झालं, पण शेवटी हो म्हणाल्या. मला वाटलं, झालं, बाबांचं घराणं चालू राहिलं.

आणि आम्ही हिंडलो. चांदूर बाजारला संत्र्यांची बोली बघायला, नांदगाव खंडेश्वरकडे कापूस वेचायला, कौंडण्यपूरला अर्थातच. ती डबा मांडीवर घेऊन बसायची आणि मी गाडी चालवता चालवता शिकवायचे. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, ही माती काळी का, हे झाड कुठलं. तिला सगळं यायचं. काहीही विचारलं की क्षणभर माझ्याकडे बघायची आणि बरोबर सांगायची. मी तिच्या बापाला रात्री जेवताना सांगायचे, बघा, हिला शाळेची गरजच नाही. तो बिचारा भाजी वाढून घेत म्हणायचा, "असेल." मधल्या काळात तिचं ओकणं कधी थांबलं, शाळेत तिला दोन मैत्रिणी कधी मिळाल्या, हे मला कळलंच नाही. कळलं असेल, पण मी ते मोजलं नाही.

यंदा सहावी. मुख्याध्यापिका बदलल्या. नव्या बाई म्हणाल्या, नियमाने रोज यायला हवं, पण मुलीचीच इच्छा असेल तर मी वर बोलून बघते, तिलाच विचारून सांगा. मला एवढं पुष्कळ होतं. उन्हाळा सरत आला होता. आपल्याकडे शाळा उशिरा उघडतात, तेवढ्यात तिला एकदा खारपाणपट्टा दाखवावा, तुमच्या विहिरी दाखवाव्यात, मग विचारावं, असं ठरवलं. ती नाही म्हणणारच नाही, अशी माझी खात्री होती. बाटल्या घेतल्या, चिठ्ठ्या लिहिल्या, सगळं तुमच्यासारखं.

दर्यापूरच्या अलीकडच्या त्या गावात तुमची विहीर आहे अजून. वर लोखंडी जाळी टाकलीय. शेजारी मोटर दुरुस्त करत बसलेले एक चाचा होते, आधी त्यांना वाटलं आम्ही सर्व्हेवाले. मी पाणी मागितलं तर हसले. "अब कौन पीता है बाई? नळ आला घरोघरी. हे पानी तं आता बैलबी तोंड लावत नाही." पण बादली सोडून काढून दिलं. पोरीने विचारलं, "मग आपण कावून घेऊन राहिलो?" मी बाटलीला चिठ्ठी बांधली. पूर्णेचं घेतलं, आणखी दोन गावांचं घेतलं, आणि एका लिंबाखाली चादर अंथरून भाकर-झुणका खाल्ल्यावर खेळ मांडला. चिठ्ठी झाकली, वाटीत ओतलं, आधी मी चाखलं, मग वाटी तिच्याकडे सरकवून एकेक गावाचं नाव घेत विचारलं.

तिने एकामागून एक सगळी बरोबर सांगितली. पहिल्यांदाच, एकही न चुकता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाबा. मी म्हणाले, "बघ, शाळेत हे कुणी शिकवेल का तुला?"

ती वाटी पालथी करून बसली होती. म्हणाली, "मम्मी, मले पाण्याचं काहीच नाही समजत. तुझ्या तोंडावरून समजते."

"म्हणजे?"

"तू विचारतानाच गावं म्हणतेस नं एकेक. बरोबर गाव आलं की तुझ्या भुवया वर जातात. गणितातही तसंच. मी बरोबर चालली असली की तू श्वास सोडते." ती सहज सांगत होती, तक्रार नव्हती. मग मान खाली घालून म्हणाली, "शाळेत मॅडम फळ्याकडे तोंड करून लिहीत असते. तिथं माह्यं मलेच करा लागते. मले रोज शाळेत जायचं आहे."

त्या लिंबाखाली मला तुमची पाठ दिसली. सदऱ्याची शिवण, मानेवरचा घाम, भिंतीकडे केलेलं तोंड. इतकी वर्षं मी तो राग सांभाळून ठेवला होता आणि तो राग नव्हताच. मीही तुमचं तोंड बघून सांगते, हे तुम्हाला कळलं होतं. आणि कळल्यावर तुम्हाला फक्त फिरून बसायचं होतं, एवढंच. मला इतक्या वर्षांत ते एकदाही सुचलं नाही. नोकरी सोडून, तालुके पालथे घालून मी माझ्या लेकीला एकच विषय शिकवला, तो म्हणजे मी. तिला माती येत नाही, पाणी येत नाही, झाडं येत नाहीत. माझ्या भुवया येतात.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर झोपली. मी बडनेऱ्यापर्यंत रडत गाडी चालवली. तिच्या बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "तिनं तोंडावर खरं सांगितलं, हे काय कमी आहे?" तो समजूतदार आहे, त्याचं चुकत नाही. पण मला त्या समजूतदारपणाचा त्या रात्री संताप आला. तिचं चांगलं होईल हे मलाही दिसतं. माझं काही उरलं आहे असं मात्र दिसत नाही. कॉलेजात माझी जागा कधीच भरली गेली. घरात नकाशे लावलेत, ते काढायचे की ठेवायचे, एवढंही मला ठरवता येत नाही. सकाळी बस येते, ती चढते, खिडकीतल्या मैत्रिणीशी बोलायला लागते. मी फाटकाशी अशा जागी उभी राहते की तिला माझा चेहरा दिसावा. ती बघत नाही. बघू नये, हेच बरोबर आहे. तरी मी दुसऱ्या दिवशी तिथेच उभी राहते.

त्या बाटल्या अजून ओट्यावर आहेत. चिठ्ठ्यांचे दोरे सुटले, त्या गाडीत कुठेतरी पडल्या असतील. आज बस गेल्यावर मी त्यातली एक उघडली, वाटीत घोटभर ओतलं आणि डोळे मिटून चाखलं. खारं होतं, एवढं समजलं. कोन्या गावचं, ते नाही समजलं. पुन्हा घोट घेतला, जिभेवर धरून ठेवला, तुम्ही शिकवलं होतं तसं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून कबूल करते, बाबा. पाण्याने काही सांगितलं नाही, तेव्हा मी डोळे उघडले आणि आधी समोर पाहिलं, तुम्ही इकडे तोंड करून बसला असाल म्हणून.