टुणीची चाल

सोमवार, ३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि खुर्ची चक्क खिडकीशेजारची! काम कार्टूनमधल्या माणसांना चालवायचं. ठळक पोझ मी लावायच्या, मधली हालचाल संगणक भरतो. त्या हालचालीची एक रेघ पडद्यावर दिसते. चालीत धक्का असला की रेघेला टोक येतं. ते घासून गुळगुळीत करायचं. आमच्या साहेबांना सगळे मागून लोणीसाहेब म्हणतात, कारण त्यांना प्रत्येक चाल लोण्यासारखी हवी. माणूस खडूस नाही पण. मला एका लहान मुलीची चाल दिली आहे. घरातल्या एखाद्या मुलाचा व्हिडिओ समोर ठेवा म्हणाले. मी हो म्हणून मोकळी झाले.

बुधवार, ५ जून
टुणीचा व्हिडिओ लावला. माझी लेक जाऊन वर्ष झालं, आजवर तो बघायची हिंमत नव्हती. तिचा डावा पाय जरा आखूड. दोन पावलं टाकायची, मागे पडायची, मग टुणकन उडी मारून मला गाठायची. म्हणून तर टुणी. माझं बोट धरलेलं असायचं, दर उडीला बोटाला हिसका बसायचा. मी मेली वैतागायचेसुद्धा.
पडद्यावरची मुलगी अगदी तशीच चालू लागली. बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून आले.

शुक्रवार, ७ जून
साहेबांना चाल आवडली, फक्त उडी खटकली. धक्का बसतो म्हणे. जिवावर आलं, पण नोकरी नवी. टोक थोडं घासलं.

सोमवार, १० जून
घरी फोनवर व्हिडिओ पाहिला. टुणीची उडी बुटकी वाटली. डोळे थकले असतील माझे. ऑफिसात टोक पार घासून टाकलं. साहेब खूश.

बुधवार, १२ जून
व्हिडिओत उडी नाही. एकाही व्हिडिओत नाही. टुणी सरळ चालते, दोन्ही पाय सारखे. नवऱ्याला दाखवलं, तर म्हणाला, अशीच तर चालायची. मी कडाकडा भांडले. त्याने अगदी सहज विचारलं, "आपण तिला टुणी का म्हणायचो गं?"


गुरुवार, १३ जून
घासण्याआधीची पहिली फाइल उघडली. तीही गुळगुळीत. आता टोक परत आणायचं ते माझ्या आठवणीतूनच. बोट पुढे करून ऑफिसच्या बोळातून चालून पाहिलं. हिसका बसला. हलकासा, पण बसला. साहेब बघत होते. बघू देत.

शुक्रवार
रेघेला टोक आणलं. चहा घेऊन आले, तर रेघ सपाट. पुन्हा आणलं — पुन्हा सपाट. मग ती मुलगी थांबली. वळली. बोट धरायला हात पुढे केला — ही पोझ मी लावलेली नाही. आणि निघून गेली. लोण्यासारखी.

शनिवार
बोटाला काहीच नाही.
मागचं पान वाचलं. तिथे ‘उडी’ लिहिलंय. शब्द कळतो — दिसत काहीच नाही.

रविवार
बाळा, एकदा ये. नाही वैतागणार. हे बघ, बोट पुढे केलंय. धर. दोन पावलं टाक, मागे पड, आणि मग —