शेवग्याचा पाला अन तुमचा कावळा

अवो, ऐकता का,

काल तुमच्या वर्षश्राद्धाला जे झालं ते तुमाला सांगितल्याबिगर घास उतरंना, म्हणून लिहायलेय.

आधी लेकीचं सांगते. आपली मनीषा परभणीच्या कॉलेजात उंदरांवर संशोधन करायलीय. घरात एक उंदीर दिसला तर तुमी खाटेवर उभे राहायचे, आठवतं का? तर तिनं काही उंदरांना नुसतं शिसं दिलं, अन काहींना शिशासंगं शेवग्याच्या पाल्याचा अर्क. पाला खाल्लेल्यांच्या किडन्या कमी बिघडल्या म्हणे!

शेवग्याचा पाला! आपल्या अंगणातला! जन्मभर मी तो ताटात वाढला अन तुमी "शेरडाचा चारा" म्हणून बाजूला सारला. अन ताडकळसच्या बाजारातल्या त्या दाढीवाल्याची ताकदीची पुडी मात्र मधात कालवून, डोळे मिटून चाटायचे. गुडघ्यासाठी! गुडघे राहिले बाजूला, किडन्या गेल्या. तुमच्यामागं मनीषानं उरलेली पुडी तपासून आणली, तर त्यात शिसंच निघालं. लय राग आला तुमचा. अजूनबी येतो. बायकोच्या भाजीवर भरवसा न्हाई, अन त्या भामट्यावर हाय?

आता तुमचे धाकटे बंधू तीच पुडी चाटायलेत. मनीषानं उंदरांचं सांगितलं, तर भावजी म्हणतात, "मग काय फिकीर हाय? सकाळी पुडी, दुपारी पाला!" पोरीनं कपाळावर हात मारला. "काका, पाल्यानं विष पचत न्हाई. आधी पुडी बंद करा." ऐकतील तर तुमचे भाऊ कसले! पाय सुजलेत त्यांचे, तुमचे सुजले होते तसेच. मला भीती वाटायलीय, अवो.

काल गच्चीवर तुमचं पान ठेवलं. पुरणपोळी, वडे, खीर, अन मुद्दाम शेवग्याची भाजी. कावळा कठड्यावर बसला, पण शिवंना. भावजी म्हणाले, "दादाची वासना पुडीत असंल," अन खिशातली पुडी काढून पानापाशी ठेवली. कावळा उडाला तो थेट समोरच्या लिंबावर!

मला तेच पाहिजे होतं. म्हणलं, "भावजी, दादाला काय पाहिजे ते कळलं का? सोडतो म्हणा." त्यांचं तोंड एवढंसं झालं. पुडी उचलून मनीषाच्या हातात दिली, हात जोडले अन रडक्या आवाजात म्हणाले, "सोडली रे दादा, तुझी आन!"

अन आला की हो कावळा! पोळी खाल्ली, वडा खाल्ला, खिरीत चोच बुडवली. शेवग्याची भाजी तेवढी चोचीनं बाजूला सारली.

तवाच मी ओळखलं, हे तुमीच. भावजी हसायलेत, अन मी पदर तोंडाला लावून रडायलेय.

उद्या भावजींना दवाखान्यात घेऊन जाते. ती पुडी पुन्हा या घराचा उंबरा ओलांडणार न्हाई, हा माझा शब्द. अन पुढच्या सालीबी पानावर शेवगाच वाढणार. बघते किती साल सारता ते!

तुमचीच,
शेरडाचा चारा रांधणारी
पुष्पा