एकवीस दिवसांचा नियम

२ सप्टेंबर, सोमवार
ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या नावावर ८३ कामं उघडी. सगळी लाल. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांच्या याद्या पडद्यावर लावल्या. माझी खाली सरकवता सरकवता त्यांचं बोट दुखलं म्हणे. संकल्प: रोज दहा कामं. नऊ दिवसांत पाटी कोरी.

३ सप्टेंबर
एक झालं. ते दुसऱ्याचं निघालं.

५ सप्टेंबर, दुपारी ३
सापडलं! सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटोमेशन' नावाचं एक पान आहे. नियम केला: एकवीस दिवस ज्या कामाला कुणी हात लावला नाही, ते आपोआप 'पूर्ण'. इतके दिवस कुणाचं अडलं नाही म्हणजे ते काम नव्हतंच. खाली 'क्लायंटला कळवा' या चौकोनात आधीपासूनच टिक होती. राहू दिली. कंपनीनं विचार करूनच केली असणार.

६ सप्टेंबर, सकाळी ९
उघडी कामं ३६! साहेबांनी पाठ थोपटली. इतरांनी माझ्याकडून शिकावं म्हणाले.

९ सप्टेंबर
फोन थंडावले. पाळणाघरवाल्या बाई महिनाभर दिवसाआड विचारत होत्या, हिशोब तपासल्याचा दाखला झाला का. तो तीस तारखेच्या आत परवाना कार्यालयात गेला नाही तर पाळणाघर बंद. मी 'चालू आहे' म्हणायचो. सॉफ्टवेअरमध्ये फोनची नोंद कशाला करायची? आता बाई एकदम गप्प. समजूतदार झाल्या. त्यांचं काम उद्या नक्की.

१३ सप्टेंबर
हिला नियम समजावून सांगितला. ही म्हणाली, बाथरूमचा नळ दोन महिने गळतोय, म्हणजे तोही दुरुस्त झाला असेल. हिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

१८ सप्टेंबर
पेन शोधताना ड्रॉवरमध्ये पाळणाघरवाल्या बाईंच्या कागदांचं पाकीट सापडलं. सह्या, शिक्के, सगळं आत. वर माझ्याच अक्षरात 'अर्जंट'. घाईघाईनं सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं नाव शोधलं. 'पूर्ण'. आधी बरं वाटलं, मग फार वाईट वाटलं. पण आत्ता उघडलं तर आकडा वाढणार, साहेब विचारणार. बारा दिवस आहेत. बारा दिवस म्हणजे चिक्कार.

२५ सप्टेंबर
काम दोन तासांचं आहे. दोन तास सलग मिळत नाहीत. हल्ली पाळणाघरासमोरून जात नाही, मागच्या रस्त्यानं लांबून येतो. तेवढाच व्यायाम.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ५.४०
दाखला तयार! साहेब चारलाच गेलेत. त्यांच्या सहीशिवाय उपयोग नाही. असो. सरकारी तारखा काही इतक्या कडक नसतात.

३ ऑक्टोबर
असतात. पाळणाघराच्या दारावर नोटीस लागली. चौदा मुलं. सकाळी आईबाप पोरांना कडेवर घेऊन रस्त्यात उभे, कामावर जायचं कसं म्हणून. हे मला बाईंनीच सांगितलं. ऑफिसात आल्या होत्या. भांडायला नव्हे! आमचा मेसेज छापून आणला होता: 'आपले काम पूर्ण झाले आहे. आपल्याला आणखी काही करायचे नाही.' त्यांना वाटतंय, परवानावाल्यांनी कागद हरवला. मी किती वेळेत काम केलं, आणि आपण उगाच फोन करकरून छळलं, म्हणून त्यांनी माफी मागितली. माझी! मी त्यांना पाणी दिलं. उद्या कार्यालयात बरोबर येतो म्हणालो.

४ ऑक्टोबर
खिडकीवरच्या कारकुनानं रजिस्टर पाहिलं, काहीच आलेलं नाही म्हणाला. बाई त्याच्यावर तुटून पडल्या. आमचे अकाउंटंट तसे नाहीत, माझ्याकडे लेखी आहे! कारकून बिचारा पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागला, एकेका ओळीवर बोट ठेवून. सातव्या पानाला मला राहवेना. सांगून टाकलं. नियम, टिक, ड्रॉवर, पाकीट. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.
बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी कारकुनाला सॉरी म्हटलं, कागदाची घडी घातली आणि मला विचारलं, असा मेसेज आणखी किती जणांना गेलाय. मी मोजलंच नव्हतं.
उशिराचा अर्ज दिला. पाळणाघर निदान पंधरा दिवस बंद.

७ ऑक्टोबर, सकाळी ९
साहेबांना सगळं सांगितलं. जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. नियम बंद केला. त्यानं पहिल्या रात्री मिटवलेली सत्तेचाळीस आणि नंतरची नऊ, छप्पन्न कामं पुन्हा उघडली. संकल्प: प्रत्येकाला स्वतः फोन करून खरं सांगायचं. एकही सबब चालणार नाही.

९.२०
पहिला फोन चष्म्याच्या दुकानवाल्या आजोबांना. मी तोंड उघडायच्या आत तेच सुरू झाले. मेसेज मिळाला, जीव भांड्यात पडला, तेव्हापासून शांत झोप लागते. हल्ली अशी जबाबदार माणसं कुठे भेटतात, म्हणाले. मनापासून थँक्यू म्हणाले.
मी वेलकम म्हणालो आणि फोन ठेवला.

९.३५
पुन्हा लावायला हवा. पण आता एंगेज असेल.