लाल झाकण, निळं झाकण

१२ जाने. १९६१, अमरावती
क्षयाच्या वॉर्डात नवे डॉ. आल्यापासून रोज काहीतरी नवं. आजपासून बारा बायांची जुनी इंजेक्शनं बंद. एका खाटेला लाल झाकणाच्या बरणीतली गोळी, शेजारच्या खाटेला निळ्या झाकणाच्या. गोळ्या दिसायला सारख्याच, पांढऱ्या. डॉ. मला म्हणाले, "सिस्टर, बरण्यांची अदलाबदल झाली तर जबाबदारी तुमची." इंग्रजी कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले. काय लिहिलंय ते कोणी सांगितलं नाही. मी पण नाही.

२ फेब्रु.
एक सोडून बाकी लाल झाकणवाल्यांचा ताप उतरला. गोळी चांगली आहे, नाही कशाला म्हणू? निळ्यावाल्या मात्र सुकत चालल्या. खाट ८ ची गोदा, अचलपूरकडची, घरी दोन लेकरं. काल थुंकीत रक्त पडलं. डॉ.ना म्हटलं, निळी गोळी लागू पडून नाही राहिली. हसले. "कशी पडेल? तिच्यात औषधच नाही. नुसता खडू. तुलना नको का करायला?"
तीन आठवडे मी या हातानं गोदाला खडू चारला. वरून "घे बाई, बरं वाटेल" म्हणत होते. आग लागो त्या बरणीला!

३ फेब्रु.
परत गेले डॉ.कडे. म्हणाले, आज आपण जी औषधं देतो ती अशीच तपासून आलीत. खरं आहे, शिकताना आम्हालाही सांगितलं होतं. म्हटलं, तपासा ना. पण लागू पडणारं जुनं औषध कपाटात असताना तोडायचं, अन् विचारायचंही नाही?
"त्यांना काय कळतं?"
"सांगितलं तर कळतं."
"तुम्ही लोक चार बुकं शिकलात की असंच बोलता."
हो साहेब, त्याच्यासाठीच शिकलो. तोंडावर बोलले.

४ फेब्रु.
खाट ७ ची शेवंता, गोदाची थोरली जाऊ. लाल झाकणवाली. चांगली सुधारली होती, तिचा ताप आठ दिवसांपासून पुन्हा चढतोय. मला कळेना. आज चादर बदलताना उशीखाली अडकित्ता सापडला. वॉर्डात सुपारीला मनाई, म्हणून ओरडले. तर सुपारी नव्हतीच. दोघी गोळी गालात दाबून ठेवत, मी पुढे गेले की कातरून अर्धी अर्धी वाटून घेत.
शेवंता म्हणे, "माही गोळी लागते, इची लागून नाही राह्यली. मंग? भाकर अर्धी अर्धी खातो, त गोळी काहून नाही?"
अर्ध्या गोळीनं एकही बरी होणार नाही, दोघी जातील. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

५ फेब्रु., रविवार
डॉ. सुटीवर. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून आपल्या बोलीत सगळं सांगितलं. लाल काय, निळं काय, अंगठा कशावर घेतला. एक म्हातारी फाडकन बोलली, "तू बी त त्यातलीच!" बरोबर बोलली. मी मान हलवली.
गोदा कोपरावर उठून बसली. मग म्हणे, "इचारलं असतं त खाल्ला असता मी खडू महिनाभर. कोनाच्या लेकीसुनाले उपेग झाला असता. पन त्यानं मले ढोर समजलं."
निळ्यावाल्या सहाही जणींनी जुनं इंजेक्शन मागितलं. दिलं. शेवंताला पुरी गोळी, माझ्यासमोर. रजिस्टरमध्ये वेळ टाकली, खाली माझी सही. अडकित्ताही लिहिला.

७ फेब्रु.
डॉ. लालबुंद. पान फाडून नवीन लिहा, म्हणे. बारा जणींनी आपापली गोळी घेतली, बस्. अडकित्ता-बिडकित्ता नको.
म्हटलं, "खोट्या आकड्यांवर उद्या हीच गोळी गावोगाव देणार काय?"
"थेट जंगलात, धारणीला पाठवीन."
"पाठवा. तिथं काय माणसं आजारी पडत नाहीत?"
पान फाडलं नाही. फाडूही देणार नाही, रजिस्टर उराशी धरून बसले.

९ फेब्रु.
बदलीचा कागद आलाच. उद्या सकाळच्या मोटारीनं धारणी. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी बोलावून समजावलं, चूक झाली अशा दोन ओळी लिहून द्या, बदली थांबवतो. आई म्हणते, "लिहून टाक न् वं, तुह्या बापानं किती हाल काढून शिकवलं तुले!" म्हणूनच लिहीत नाही, आई. साहेबांना दोन ओळी नाही, पाच पानं दिली. बाराही जणींचा रोजचा ताप लिहून. वाचतात की कचऱ्यात टाकतात, देव जाणे. बुद्धाची दीक्षा घेतली, देव तरी कुठला आता आमच्यात!
माझ्या जागी येणारी डॉ.च्या मर्जीतली आहे. ती कपाट उघडेल की निळी बरणी?
संध्याकाळी गोदाचं पाचवं इंजेक्शन. ताप थोडा कमी. बाही खाली करत विचारलं तिनं, "सिस्टर, उद्या सुई कोन देईन?"
"मीच," म्हटलं. बदलीचा कागद खिशात होता.