ताईच्या वाट्याचं साखरपाणी

तीर्थस्वरूप भावोजी,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात, तुमची लेक माझ्या खांद्यावर झोपलीय, वाकलो तर उठेल). तुमची तब्येत आणि तिकडे तुम्ही बांधताय तो पूल, दोन्ही ठणठणीत असतील. मी दोन दिवसांसाठी म्हणून आलो, त्याला नऊ आठवडे झाले. बाळाची ढेकर काढण्यात आता माझा हात धरणारं कोणी नाही. (ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा टायरवर थाप मारून हवा ओळखायचो. कसब तेच.)

हां, तर काल ताईची साखरेची तपासणी होती. पोटुशी असताना वाढलेली साखर गेली की दबा धरून बसलीय, ते बघायचं. डॉक्टरीणबाई म्हणतात, अंगावर पाजणं बाळाइतकंच आईलाही चांगलं, पुढे मधुमेहाचा धोका कमी होतो. पण कमी झाला म्हणजे संपला नव्हे, तपासणी हवीच. पाजते ताई अगदी मन लावून. तपासणी मात्र दोनदा पुढे ढकलली, एकदा तर कपडे वाळत घालायचेत म्हणून. शेवटी काल मीच तिला नेलं. सोबत म्हणून मीही उपाशी. पहिलं रक्त घेतल्यावर नर्सबाईंनी ग्लासभर साखरपाणी दिलं, पाच मिनिटांत संपवा आणि दोन तास हलू नका म्हणाल्या. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. ताई भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली, ग्लास माझ्या हातात. आणि भावोजी, उपाशी माणसाचा काय भरवसा? घटाघटा संपवला. "तुम्ही कधी बाळंत झालात?" नर्सबाईंनी विचारलं. सगळा बाक हसला. त्या साखरेची दुसरी पुडी शिल्लक नव्हती, पुढच्या गुरुवारी या म्हणाल्या. मला वाटलं ताई आता सालटी काढणार. तर ती घरी येईपर्यंत हसत होती.

आपला मेव्हणा
(हल्ली मुक्काम: पाळण्याशेजारची सतरंजी)

ता. क. ते पाणी मी चुकून प्यायलो नाही. ग्लास ताईने ओठालाही न लावता माझ्या हातात दिला. म्हणाली, "आईचा मधुमेहही असाच एका सकाळी कळला होता रे." तपासणीच टळावी म्हणून मी तो पिऊन टाकला. ग्लास रिकामा झाला, भीती तेवढीच राहिली, हे घरी आल्यावर कळलं.

ता. क. दुसरा. गुरुवार, सकाळी आठ. ती तुम्हाला बोलावणार नाही. म्हणते, पूल अर्धा टाकून कसे येतील. नदी कुठे पळून जात नाही. या. बाळाला मी धरतो, ग्लास ताई धरेल, ताईला तुम्ही धरा.