वजा, सगळे, सगळीकडून

सोमवार, ३
या खुर्चीची खरी किंमत: अकरा वर्षं लोकांच्या टेबलांखाली वायरी ओढत रांगणं, एक कायमचा दुखरा गुडघा आणि लेकीच्या शाळेतला एकही कार्यक्रम न बघणं. महाग पडली, पण मिळाली. आजपासून इस्पितळाच्या रक्तपेढीचा सर्व्हर माझ्या ताब्यात. पिशवीवरची रक्तगटाची पट्टी तोच छापतो. एक अक्षर चुकलं तर माणूस जातो. रक्ततपासणीच्या बाईंनी चहा पाजला आणि सांगितलं, की आधी हा सर्व्हर सांभाळणारे भाऊ याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तीन वर्षं झाली. तेव्हापासून सर्व्हर बंद करायची कोणाची छाती झालेली नाही. मी म्हटलं, खुर्ची मऊच आहे, त्यांचा काय दोष! बाई हसल्या नाहीत.

मंगळवार, ४
कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी फाइल उघडली. साधी आहे. अधिक म्हणजे या, वजा म्हणजे चालते व्हा; मग नाव, मग कुठून. सर्व्हर वरून खाली वाचतो, जुळेल ती पहिली ओळ मानतो, पुढचं बघतही नाही. आत्तापर्यंत अर्धं गाव आत येऊ शकत होतं! मी दोनच अधिक ठेवले, बाई आणि मी. शेवटी वजा, सगळे, सगळीकडून. घरी फुशारकी मारली, की आता माझ्या परवानगीशिवाय माशी आत शिरणार नाही. बायको म्हणाली, आधी स्वयंपाकघरातल्या माशा बघा. शुक्रवारी लेकीचं ऑपरेशन, रक्त इथलंच लागणार. हा खटाटोप कशासाठी, ते बायकोलाही कळतं.

बुधवार, ५
तीन पिशव्यांचे गट बदललेले. बाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. हेच का तुमचं कुलूप, म्हणून डाफरल्या. नोंदी चाळल्या, आम्हा दोघांशिवाय कोणी लॉगिन केलेलं नाही. दुपारी सर्व्हरच्या खोलीत कीबोर्ड वाजत होता. माझे कान तिखट आहेत, भास नव्हे. खोली रिकामी.

गुरुवार, ६
या घडीला आत कोण, ते सर्व्हरला विचारलं. तीन नावं. तिसरं भाऊंचं. तीन वर्षांपूर्वी सकाळी आले, बाहेर पडल्याची नोंद नाही. शेवटची कळ दाबल्याची वेळ — आत्ता.
त्यांचं लॉगिन तोडायला गेलो. तुटलो मीच. सर्व्हर मला परत आत घेत नाही. बाईंच्या नावाने फाइल पाहिली. सगळ्यात वर नवी ओळ: वजा, मी, सगळीकडून.
बाई म्हणाल्या, लेकीची पिशवी हाताने तपासून ठेवते, घाबरू नका.

शुक्रवार, ७
प्लग उपटायला वाकलो. प्लग आधीच निघालेला. सर्व्हरचे दिवे चालू. कळा वाजताहेत —
पडद्यावर लेकीचं नाव. भाऊंनी पिशवीला हात लावलेलाच नाही — तिच्या नावापुढचा गट बदललाय —
वर ऑपरेशनच्या खोलीत फोन लावलाय. वाजतोय. तोवर लिहून ठेवतो: आत कोणी शिरलंच नव्हतं. ती फाइल फक्त दारात विचारते. जो आधीच आत आहे त्याला —
उचलला. नर्स म्हणते, नोंदीत गट वेगळा दिसला म्हणून पिशवी बदलून घेतली, ती लावून दहा मिनि—