निळ्याची सोयरीक

नारपोली, भिवंडी
१२ मार्च १९७८

ती. सौ. गोदूताईस,
शि. सा. न. वि. वि.

पापडांचा डबा पोचला. पापड थोडे खारट झालेत असं तुळजा म्हणते. मी काही म्हणत नाही, कारण सध्या मी जे म्हणतो ते चुकतं.

परवा दुसऱ्या खेपेच्या पिल्लांना पिसं फुटली. पाचही हिरवी. पहिल्या खेपेची चार हिरवी होतीच. नऊ पिल्लं, आणि निळ्याचा ठिपका नाही.

भाऊबीजेला तुला सगळं समजावलं तेव्हा तू जांभया देत होतीस, म्हणून पुन्हा लिहितो. शेजारच्या जब्बारने त्याची एकुलती निळी लव्हबर्ड मादी माझ्या हिरव्या नराबरोबर लावायला हंगामापुरती दिली. बोली अशी, की एक निळं पिल्लू त्याचं. पिल्लं सगळी हिरवी झाली, आणि मे महिन्यात आमच्या पत्र्याखालच्या उकाड्याने मादी मेली. पण निळा रंग हिरव्याखाली दबतो, नाहीसा होत नाही. तिच्या प्रत्येक पिल्लाच्या अंगात तो लपलेला आहे. म्हणून त्यांतल्याच एका भावाबहिणीची जोडी लावली. दोघांकडूनही निळ्याचा वाटा आला, की ते पिल्लू निळं. चारांत एखादं तरी निघावं. हे मी कॉलेजात शिकलो होतो. खात्रीसाठी पुस्तक काढून पुन्हा वाचलं.

काल धामणकर नाक्यावर चहा पिताना जब्बारने हसत विचारलं, मास्तर, आमचं निळं कधी? माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुझी मादी मुळात निळी होती, की डाइंगच्या हौदात बुडवून आणली होतीस? बाकावरचे लूमवाले हसले. जब्बारने कप खाली ठेवला आणि निघून गेला. त्याच्या लूमच्या मालाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. आज सकाळी मी दारात उभा असताना तो मान फिरवून गेला. चौदा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा.

बोललो ते वाईट बोललो. पण ताई, पुस्तक खोटं नाही, जोडी मी स्वतः लावली. मग खोट मादीत नाही तर कुठे?

दाजींना नमस्कार. गल्लीतला लोभ आटलाय, तुझा तेवढा टिकव.

तुझा
अनंता

मुरबाड
१९ मार्च १९७८

चि. अनंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पापड खारट नाहीत. तुळजाच्या हाताला आमटीतच मीठ कमी पडतं.

जब्बारभाईंना आधी जाऊन भेट. त्यांच्या मादीत खोट नव्हती. मला कसं ठाऊक ते सांगते, पण पत्र संपेपर्यंत जागचा उठू नकोस.

भाऊबीजेला तुला ओवाळलं आणि वर पाहिलं, तर पिंजऱ्यात ती दोघं चोचीत चोच घालून बसलेली. आणि तू कौतुकाने सांगतोस, ही सख्खी भावंडं, आता यांना अंडी होतील. माझ्या हातात निरांजन होतं रे. तू दुपारी बाहेर पडलास, तशी मी आणि तुळजा नाक्यावर गेलो, तशीच हिरवी मादी विकत आणली आणि तुझ्या पिंजऱ्यात सोडली. तुझी ती मिठाईच्या खोक्याला भोकं पाडून मुरबाडला घेऊन आले. तुळजाला बोलू नकोस. तिला मी शपथ घातली होती.

इथे ती सुखात आहे. दाजींनी तिला परक्या घरचा नर आणून दिला. पाच पिल्लं झाली, पाचही हिरवी, आणि आम्हाला हिरवी चालतात. पाप टळलं एवढंच मी पाहिलं. बोल जब्बारभाईंना लागतील हे ध्यानात आलं नाही. त्याचं फार वाईट वाटतं. बाकीच्याचं वाटत नाही.

रागावलास तरी मायेने रागाव.

तुझी
ताई

नारपोली
२४ मार्च १९७८

ती. सौ. ताईस,
न. वि. वि. (शिरसाष्टांग या वेळी गाळला आहे.)

तुझं पत्र दोनदा वाचून मी तुळजाकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत राहिली. एकेक पिल्लू उजेडात धरून मी पिसं तपासत होतो, तेव्हा ही शेजारी बसून असायची. का बोलली नाहीस विचारलं तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे.

ताई, ते पोपट आहेत. त्यांना भाऊबीज नसते.

नाक्यावरच्या त्या मादीच्या अंगात निळा नसणार. तिला शंभर पिल्लं झाली असती तरी शंभर हिरवी. हे लिहून तुझ्यावर सगळं ढकलावं असं मनात होतं, पण काल डायरी लिहायला बसलो आणि अडलो. खरी जोडी असती तरी ओळीने नऊ हिरवी निघू शकतात. चारांत एक ही सरासरी आहे, कोणी दिलेलं वचन नव्हे. हे मला ठाऊक होतं. तरी मी जब्बारच्या मादीला नकली ठरवलं, कारण ती माझ्या घरात मेली हे त्याच्यासमोर उच्चारण्यापेक्षा ते सोपं होतं.

मादी परत पाठव. मी जुनी जोडी पुन्हा लावतो.

आशीर्वाद पाठवायचा तर मादीबरोबर पाठव.

अनंता

मुरबाड
३१ मार्च १९७८

चि. अनंतास,
आशीर्वाद, मादीशिवाय.

ती येणार नाही. बहीण ती बहीण. पण मी चार दिवस विचार केला. माझ्याकडे तिचे मुलगे आहेत आणि तुझ्याकडे तुझ्या नराच्या मुली. म्हणजे आतेभाऊ आणि मामेबहीण. मामाची मुलगी करायची तर आपल्यात रीतच आहे. नवशाकाकांचं तसंच झालं आणि संसार कसा झाला ते तू पाहिलंस. यात माझं काही म्हणणं नाही. तुझ्या पुस्तकाला चालतं का, ते लिही.

आणि जब्बारभाईंकडे आधी जा म्हटलं होतं, पण अजून गेला नसशील तर आता हात हलवत जाऊ नकोस. चारचौघांत बोललास, तर चारचौघांत निळं पिल्लू हातावर घेऊन जा. नुसतं गेलास तर लोक म्हणतील, मास्तर स्वतःचं बहिणीवर ढकलतोय.

तब्येतीला जप. माझा लोभ तुझ्या रागाहून जुना आहे.

ताई

नारपोली
९ एप्रिल १९७८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकाला चालतं. पण किती लांबवलंस! तुझ्याकडच्या अर्ध्याच मुलांत निळा असेल, माझ्याकडच्या अर्ध्याच मुलींत, आणि कोणत्या ते वरून दिसत नाही. चार जोड्या लावल्या तर एखादीतच तो दोन्हीकडून असणार, आणि त्या जोडीच्या चार पिल्लांत एखादं निळं. शिवाय सगळी अजून वयात यायची आहेत. म्हणजे पुढची दिवाळी, नाहीतर त्याच्या पुढची.

तोवर जब्बारने मान फिरवून जायचं का? निळं दाखवून माफी मागायची, तर त्यात माझं काय गेलं? म्हणून तुझं न ऐकता काल हात हलवतच नाक्यावर गेलो. शिफ्ट सुटायची वेळ साधली, म्हणजे बाकावर तीच माणसं असतील. उभा राहून सांगितलं, की जब्बारची मादी अस्सल निळी होती, ती माझ्या घरात उकाड्याने मेली, आणि मी बोललो ते खोटं होतं. कारण विचारू नका. त्यांनी विचारलं. मग भाऊबीज, मिठाईचं खोकं, सगळं सांगावं लागलं. हसणं ऐकून हॉटेलवाला भट्टी सोडून बाहेर आला.

जब्बार एकटा हसत नव्हता. त्याने मला बसवलं आणि आतेमामेभावंडांचा हिशेब पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, "मास्तर, तुमच्या पिंजऱ्यातल्या मुली आमच्या निळीच्या नाती. मुलगी आमची हाय, मुलगा बघाया आमी येनार."

मी म्हणालो, मुरबाडचे मुलगेसुद्धा तिचेच नातू लागतात.

"मंग दोनीकडचा मान आमचाच," तो म्हणाला.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघं येतोय. पाहुण्यांचा यथास्थित मान राख, आणि उरलेला लोभ मला.

तुझा
अनंता